माशांत क्रीम

माझी सून हेल्मी फिनलंडची. तिची आई गेली. तिकडचं सगळं आटोपून ती अमेरिकेत, हर्नडनला आमच्या घरी परत आली आणि जेवेनाशीच झाली. वरणभात नको, टोस्ट नको. माझा मुलगा सिद्धेश ऑफिसातून सारखा फोन करायचा, "आई, तिने काही खाल्लं का?" शेवटी मी तिलाच विचारलं, काय करू तुझ्यासाठी? ती म्हणाली, "माझी आई करायची ते फिश सूप."

कृती तिनेच खुर्चीत बसून सांगितली. बटरवर कांद्याची जाड पात परतायची, बटाटे शिजवायचे, मग सॅमनचे तुकडे सोडायचे आणि ढवळायचं नाही. शेवटी क्रीम, वर शेपू. हळद नाही, तिखट नाही. तरी मी नाक मुरडलं नाही. शेपू दिसल्यावर तर बरंच वाटलं. पण क्रीम?

मी त्वचारोगांची डॉक्टर. मासे आणि दूध एकत्र खाल्लं की कोड येतं ही समजूत खोटी आहे, हे पेशंटांना घसा कोरडा करून सांगितलं. माझ्या घरी मात्र माशांच्या दिवशी दूध फ्रीजबाहेर काढत नाहीत. आता हेल्मी डोळे मिटून बसलेली पाहिली आणि मी गुपचूप नारळाच्या दुधाचा डबा फोडला.

तिने एक चमचा घेतला. "छान झालंय, आई," म्हणाली आणि चमचा खाली ठेवला. ही पोरगी कधी तक्रार करत नाही, याचाच मला राग येतो. तिला त्यात तिची आई हवी होती आणि मी त्यात मालवण ओतलं होतं. मला फार वाईट वाटलं.

अर्धा सॅमन उरला होता. मी दुसरं पातेलं चढवलं आणि या वेळी क्रीम ओतलं. ती उठून शेजारी आली.

"आई, तुम्ही हे खात नाही ना? सिद्धेश म्हणाला होता. म्हणून मी इथे कधी केलं नाही. एकटीसाठी कशाला?"

लग्न होऊन इतकी वर्षं झाली आणि हे मला आज कळत होतं. मी दोन वाट्या भरल्या आणि तिच्यासमोर बसले. पहिला चमचा मीच घेतला. घशाखाली जायला वेळ लागला, पण गेला.

"मीठ कमी पडलंय," मी म्हटलं.

हेल्मीने चव घेतली. "आईचंही कमीच असायचं," ती म्हणाली. "बाबा दर वेळी सांगायचे."

मग तिने वाटी जवळ ओढली आणि रडत रडत सगळं संपवलं.