वरच्या खोलीची रेघ

आपल्याकडे कुणीतरी बघतंय असं कळलं की माणूस सुधारतो. चांगलीच गोष्ट आहे ती, पण तिनेच तृप्तीचं आयुष्यातलं पहिलं काम जवळजवळ पाण्यात घातलं.

काम तसं सरळ होतं. वीज कंपनीने व्यापारी इमारतींसाठी एक योजना काढली होती. जुने दिवे, जुने एसी काढा, नव्या तऱ्हेचे बसवा, आणि जेवढी वीज वाचेल त्या मापाने कंपनी खर्चाचा वाटा उचलणार. आता किती वाचली हे कळायला आधी किती जळत होती ते मोजायला हवं. ते मोजायचं आणि खाली सही करायची, हे तृप्तीचं काम. इंजिनिअर होऊन वर्ष झालं होतं. गंगापूर रोडवरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात ती लागली होती आणि हे गिऱ्हाईक तिने स्वतः आणलं होतं.

स्वतः म्हणजे आईने. रविवार कारंज्याजवळ सोमनाथशेठांचं साड्यांचं तीन मजली दुकान. त्याच्या वर, गच्चीवर पत्र्याची खोली, आणि त्या खोलीत तृप्तीची आई आशा अठरा वर्षं साड्यांना फॉल लावत आली. "शेठ, माझी तृप्ती असलंच काहीतरी करते," एवढं आईने एकदा पगाराच्या दिवशी म्हटलं, आणि शेठांनी तृप्तीला बोलावून घेतलं.

दुकान बघून तृप्तीला हर्षच झाला. अशी उधळपट्टी शोधून सापडत नाही. प्रत्येक गादीवर डझनभर जुने पिवळे दिवे, ते भट्टीसारखे तापायचे, आणि त्यांनी तापवलेली हवा गार करायला तितकेच एसी धापा टाकत चालायचे. एवढं करून गिऱ्हाईक साडी उचलून रंग बघायला दारातच यायचं! तृप्तीने दिव्यांची नवी योजना मांडली. न तापणारे दिवे, आणि एक बटण फिरवलं की गादीवरच दारातला उजेड. गारव्याची यंत्रंही अशी की जेवढी माणसं तेवढीच चालतील. शेठ खूश झाले.

"आणि वरची खोली?" तृप्तीने विचारलं. "पत्र्यावर उष्णता परतवणारा रंग, आतून छत आणि हळू वाहणारी गार हवा. तीही घेऊ ना यात?"

शेठांनी चष्मा पुसला. "स्कीममध्ये बसली तर घे. कंपनी देणार असेल तर माझी ना नाही. पण माझ्या खिशातून नको हं, आधीच सांगतो."

बसणार, तृप्ती म्हणाली. आईने वर जाऊन ते सगळ्याजणींना सांगितलं. चौघी होत्या. त्यातली सर्वांत जुनी कुसाबाई, पेठ तालुक्याकडची, कमी बोलणारी. तिने सुईत दोरा ओवता ओवता एवढंच विचारलं, "म्हंजे या उन्हाळ्यात?" आई म्हणाली, याच.

मोजायचं यंत्र बसलं आणि इथेच घोळ झाला. शेठांनी सगळ्या नोकरांना गोळा करून सांगितलं, "कंपनीचं यंत्र बसलंय. दुकानाची लाज राखा." झालं! शेखर सेल्समनने अर्धे दिवे विझवले. एसी अठ्ठावीसवर गेले. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या बायका पदराने वारा घेत बसल्या. देव्हाऱ्यातला इवलासा लाल दिवासुद्धा कुणीतरी बंद करून ठेवला होता. पहिल्या आठवड्याचा आकडा असा काही नम्र आला की तो बघून कुठलीही कंपनी म्हणाली असती, बाबांनो, तुम्हाला कशाला सुधारायचं?

तृप्तीने कंपनीच्या साहेबांच्या हातापाया पडून आणखी एक आठवडा मिळवला. शेवटचा. तोपर्यंत शेठांनी नव्या दिव्यांची ऑर्डरही देऊन टाकली होती. तिने मग पुन्हा सगळ्यांना गोळा केलं. "रोज जसं वागता तसं वागा. चांगलं वागू नका!" लोक हसले. तिला मात्र हसू येईना. रात्री झोप नाही, जेवताना एक हात मोबाइलवर. मोबाइलवर चार रेघा दिसायच्या, तीन मजल्यांच्या तीन आणि चौथी वरच्या खोलीची.

सोमवारपासून तीन रेघा उसळल्या. शेखर पुन्हा पूर्वीसारखा राजा झाला होता. चौथी रेघ जागची हलली नाही. पिकोचं मशीन, एक इस्त्री, बास. पंखे नाहीत, दिवे नाहीत. मंगळवारी नाहीत, बुधवारी नाहीत. गुरुवारी दुपारी तीन वाजता ऑफिसातल्या एसीत बसून तृप्तीने ती रेघ पाहिली आणि तिचं डोकं फिरलं. आधीच काही जळत नसेल तर वाचणार काय? आणि वाचणार नसेल तर ती खोली योजनेतून बाहेर. आपलीच आई आपल्या पायावर धोंडा पाडतेय! तिने स्कूटर काढली आणि मे महिन्याच्या उन्हातून तडक दुकान गाठलं.

वरच्या जिन्याचं दार उघडलं तेव्हा हवा अंगावरच आली. आत चौघी बसल्या होत्या, मधोमध साड्यांचा ढीग, आणि डोक्यावर तिन्ही पंखे बंद.

"आई, पंखे बंद का? रोजच्यासारखं वागा म्हणून सांगितलं होतं ना?"

"रोजच्यासारखंच तर वागतोय," आई म्हणाली. तिने मानही वर केली नाही.

"मला नको सांगूस. या उन्हात पंखा बंद ठेवतं का कुणी? शेठांना दाखवायला काटकसर करताय तुम्ही. तुमच्यासाठीच मी धडपडतेय आणि तुम्हीच..." पुढचं न बोलता तिने भिंतीवरची तिन्ही बटणं दाबली.

पंखे गरगरले आणि जॉर्जेटची साडी ढिगावरून उठून आईच्या तोंडावर आली. कडेला टाचलेला फॉल सुटून लोंबला. कुसाबाईने पुढ्यातल्या मोतिया पैठणीवर दोन्ही हात आपटले आणि सुई तिच्या बोटात शिरली. तिने ओरडण्याआधी बोट तोंडात घातलं. साडीवर डाग पडायला नको.

"बंद कर!" आई किंचाळली.

तृप्तीने बटणं बंद केली. कुसाबाईने बोट चोखत पैठणी उजेडाकडे धरून इंच इंच तपासली आणि मग म्हणाली, "नाय पडला डाग."

"फॉल उडतो गं," आई हळूच म्हणाली. "वाऱ्यात शिवण वाकडी जाते. शिवाय दिवा लावला की पत्र्याखाली अजून गरम होतं, म्हणून खिडकीशी बसतो. पंखा फक्त जेवताना लावायचा, दहा मिनिटं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तुला काय वाटलं?"

तृप्तीला काय वाटलं होतं? घरी आई पंख्याखालून हलायची नाही. डिसेंबरात शाल पांघरून पंखा पाचवर. आणि हीच तृप्ती, वीजबचतीची पुस्तकं मांडीवर घेऊन, तिला वर्षानुवर्षं ऐकवत आली होती, आई, किती वाया घालवतेस! आई कधी उलट बोलली नव्हती. तृप्तीला स्वतःची इतकी लाज वाटली की तिथे उभं राहवेना.

यंत्र खोटं बोललं नव्हतं. ज्यांनी उधळलं त्यांच्याकडे वाचवायला पुष्कळ होतं, आणि या चौघींनी आयुष्यभर वाचवलं म्हणून त्यांच्या वाट्याला काहीच नव्हतं. असा हा न्याय!

"पोरी," कुसाबाई म्हणाली, "अजून तीन दिस हायेत ना? पंखं लावून ठिवू. आमी जिन्याच्या दारात बसून शिवू. तुजी रेघ चढंल."

तृप्तीचा हात खरोखर बटणाकडे गेला. कोण बघणार होतं? पण अर्जाच्या तळाशी छापलं होतं, 'हा नेहमीचा वापर असून मी स्वतः पाहिला आहे', आणि त्याखाली तिची सही. दुकानाच्या बाकी आकड्यांवर लोकांनी विश्वास ठेवायचा तो याच सहीवर. ती "नको" म्हणाली आणि हे बोलल्याचा तिला जिना उतरेपर्यंत पश्चात्ताप होत राहिला. ते तीन दिवस तिने कसे काढले तिचं तिलाच ठाऊक. वीसदा वाटलं, फोन करावा आणि लावा म्हणावं.

सोमवारी शेठांच्या केबिनमध्ये अर्ज टेबलावर होता. केबिन गार होती. तृप्तीच्या दंडावर काटा आला होता.

"खालचे तिन्ही मजले छान बसले," शेठ आकडे बघत म्हणाले. "वरची खोली काढून टाक. बचत शून्य दाखवतेय, उगाच साहेब शंका घेतील."

"शेठ, शून्य आहे कारण त्या पंखाच लावत नाहीत. लावला की फॉल उडतो."

"मग तसंही चाललंय ना त्यांचं? पुढच्या वर्षी बघू." त्यांनी पेन तिच्यापुढे सरकवलं. "कर सही."

तृप्तीने पेन उचललं नाही. आपण काय करतोय हे तिला नीट कळत होतं. ही सही गेली की पहिलं काम गेलं, कदाचित नोकरी, आणि वर आईचीही. तरी तिच्या तोंडून निघून गेलं, "वरची खोली करणार असाल तर करते."

शेठ तिच्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत, त्यांना नवल वाटलं. मग त्यांनी बेल दाबली आणि आशाताईंना खाली बोलावून घेतलं.

आई आली, पाठोपाठ कुसाबाईही आली, हातावर तयार पैठणी. दोघींच्या पाठी चोळीसकट भिजलेल्या. गार हवेत आल्या आल्या आई शहारली.

"आशाताई, ही पोरगी अडून बसलीय," शेठ म्हणाले. "म्हणते वर फार गरम होतं. अठरा वर्षांत तुम्ही कधी काही बोलला नाहीत. होतं का हो गरम?"

आईने तृप्तीकडे पाहिलं. त्या नजरेत भीती होती, निव्वळ भीती, आणि ती स्वतःच्या नोकरीची नव्हती, मुलीच्या नोकरीची होती. ती घाईघाईने हसली. कपाळावरून घाम ओघळत होता तो तिने पुसलाही नाही.

"नाही हो शेठ. तिला काय कळतंय? आम्हाला सवय आहे. काही होत नाही आम्हाला. तृप्ती, सही कर. कर बाळा."

तृप्तीचं रडू फुटायच्या बेतात होतं. आईला खोटं बोलताना तिने प्रथमच पाहिलं होतं, आणि तेही तिच्यासाठी, तिच्या एका सहीसाठी. यापेक्षा पंखे लावून ठेवले असते तर बरं झालं असतं. तिने पेन उचललं.

"मला व्हतं," कुसाबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिने पैठणी जपून टेबलावर ठेवली, अर्जावरच.

"लय गरम व्हतं. मागल्या साली दोनदा चक्कर आली मला. आशीनं तोंडावर पाणी मारलं, आन् आमी शिवत बसलो. खोटं कशापायी बोलायचं, आशे?"

आई खाली मान घालून उभी होती. मग ती बोलली ते शेठांशी नाही, तृप्तीशी.

"होतं गं," ती म्हणाली. "रोज होतं."

आणि ती रडायला लागली. तृप्तीने तिचा हात धरला. तो हात अजूनही गरम होता.

"मला कुणी सांगितलं नाही," शेठ त्या पैठणीकडे बघत म्हणाले, पण ते काही जोरात म्हणाले नाहीत. "ठीक आहे. लिही, वरचं काम माझ्या खर्चाने. स्कीममध्ये बसो न बसो."

"लिवायचं मागून," कुसाबाई म्हणाली. "आधी वर चला. आता चला, तीन वाजल्यात."

शेठ उठले. तृप्तीही उठली. केबिनचं दार मागे बंद झालं आणि चौघं गच्चीच्या जिन्याशी आली. वर अंधार होता. शेठ पहिल्या पायरीवर थांबून भिंत चाचपू लागले.

"इथलं बटण कुठे आहे?"

"दिवसा आमी लावत नाय," कुसाबाई म्हणाली, आणि त्यांच्या पुढे होऊन चढू लागली.