थांबा, माझा मी बंद होतो

मित्रांनो, दरवाजा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे घराचा दरवाजा येतो. कडी, कोयंडा, वर तोरण. मी तसला नाही. मी एका भल्यामोठ्या, महागड्या आणि आता जरा थकलेल्या गाडीचा मागचा दरवाजा आहे. लोक मला डिकीचं झाकण म्हणतात. झाकण! झाकण लोणच्याच्या बरणीला असतं. मला काच आहे, वायपर आहे, छातीवर नंबरप्लेट आहे. गाडी निघून गेली की लोकांना शेवटचं दिसतं ते माझंच तोंड. तरी झाकण.

माझी पहिली वर्षं पुण्यात गेली. तिथे माझ्या पोटात एक योगासनांची चटई आणि एक लाडावलेला कुत्रा, एवढाच संसार होता. ड्रायव्हर मला मऊ फडक्यानं पुसायचा. मग मालकानं नवी गाडी घेतली आणि आम्हाला परंदवडीच्या आदिनाथनं आणलं.

आदिनाथ तळेगावकडे एका कंपनीत शिफ्टला जातो. एवढी गाडी घेतली, पण कंपनीत जायचा मोटरसायकलवरच. का, तर कंपनीच्या पार्किंगमध्ये ऊन लागतं. गाडीला हो, त्याला नाही. आम्ही अंगणात ताडपत्रीखाली उभे, टपावर कोंबडी बसलेली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आदिनाथ ताडपत्री उचलून दाखवणार.

या कैदेतून मला सोडवलं त्याच्या बायकोनं, अनितानं. अनिताच्या हाताला चव. तिच्या मासवड्या, म्हणजे बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेल्या वड्या आणि सोबत डोळ्यांतून पाणी काढणारा रस्सा. वलवणच्या बंगल्यांवर सुट्टीला आलेले लोक तिच्याकडून जेवण मागवायला लागले. ती गाडी चालवायला शिकली आणि ज्या पोटात योगाची चटई लोळायची तिथे रश्श्याचे डबे आले. खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मला कामाला लागल्यासारखं वाटलं.

आणि तेवढ्यात तिचा उजवा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. मी उघडलो की जातो आभाळात, आणि अनिताची उंची बेताची. उडी मारून मला ओढायचं तर खांद्यातून कळ निघायची, नुसती डोळे मिटून उभी राहायची बिचारी.

आदिनाथनं उपाय केला. गोठ्यातलं दावं आणलं आणि माझ्या हँडलला बांधलं. "आता वड खाली म्हशीवानी," म्हणाला. मी इतक्या मोठ्या घरचा, आणि गळ्यात दावं. एकदा ते दावं बाहेरच राहिलं. सोमाटणे फाट्यावर भर बाजारातून आम्ही चाललोय आणि मागे वीतभर शेण लागलेलं दावं फरफटतंय. एक भाजीवाली ओरडली, "ओ ताई, जनावर सुटलं तुमचं!" अनितानं ब्रेक मारला आणि खरंच खाली उतरून म्हैस शोधली.

त्या दिवशी घरी आदिनाथ म्हणाला, "खांदा बरा होईस्तवर धंदा बंद ठेव."

"खांदा बरा होईस्तवर बंगलेवाले दुसरीकडनं मागवत्याल," अनिता म्हणाली. "मग बरा खांदा घिऊन काय करू? येत्या रविवारी तेजल मॅडमच्या बंगल्यावर जेवान हाय. आवडलं तर दर रविवारचं देनार हायेत त्या."

"आन दार कोन लावनार? माझी रविवारी ड्यूटी हाय."

ती उठून डाव्या हातानं डबे घासायला लागली. आदिनाथला ते बघवेना. थोड्या वेळानं तोच म्हणाला, "बरं. त्याला मोटर बसवू. पर ह्या रविवारी तुझं तुला दार लावता आलं, तरच पुढं. न्हाईतर खांद्याचं आधी. कबूल?"

"कबूल."

मित्रांनो, म्हातारपणी आपल्या अंगात वीज भरणार हे ऐकून मला काय वाटलं असेल! सोमाटण्याच्या राजेंद्रच्या दुकानात त्यानं माझं आतलं अस्तर उचकटलं, गॅसचे जुने दांडे काढून मोटरीचे नवे बसवले, कुलपाला वायर जोडली, समोर अनिताच्या हाताशी एक बटण दिलं. शेवटी मूठभर क्लिपा उरल्या. "कंपनी जास्तीच्याच लावती," म्हणून त्यानं त्या खिशात टाकल्या. तेव्हापासून मी खड्ड्यात थोडा खुळखुळतो.

सगळ्यात भारी म्हणजे बंपरखाली बसवलेला सेन्सर. हातात डबे असले तर बंपरखाली नुसता पाय हलवायचा, मी उघडणार. परत हलवला की बंद. राजेंद्रनं अंगणात येऊन ते करून दाखवलं आणि अनिताच्या सासूबाई, बयाबाई, किंचाळल्याच.

"आरं मुडद्या, लक्षुमीला लाथ मारतो?"

"मावशी, लाथ न्हाई. नुसता पाय हलवायचा."

"मग लाथ म्हंजी दुसरं काय आस्तंय?"

त्या दिवसापासून अनितानं पाय हलवला की बयाबाई धावत यायच्या, माझ्या अंगाला हात लावायच्या आणि तोच हात कपाळाला. सून दिवसातून दहा वेळा लक्ष्मीला लाथ मारणार, म्हणजे काहीतरी वाईट होणार, हे त्यांच्या मनानं घेतलं. त्यात गावात गाडीची चर्चा. मग दृष्ट लागू नये म्हणून रविवारी सकाळी, अनिता डबे भरत असताना, त्यांनी आपली एक जुनी चप्पल सुतळीनं बंपरखाली बांधली. ट्रकमागे असते ना, तशी. बरोब्बर सेन्सरच्या पुढ्यात.

आता हा सेन्सर माझा शेजारी. कामाला चांगला, पण अकलेनं बेताचा. चप्पल हलतेय म्हणजे आत पाय असणार, असा त्याचा सरळ हिशेब.

बयाबाई म्हणाल्या, "मी पन येते संगं. एकटी कशी जाशील?"

"आत्याबाई, एकटीनंच जायचं हाय मला."

"मी कुटं काय करते? बसून ऱ्हाते गप."

त्या बसल्या. निघालो. आता गाडी चालू असताना मी उघडत नाही, तेवढी समज त्या यंत्राला दिली आहे. थांबल्यावर मात्र काय करायचं ते सेन्सर ठरवतो. कामशेतला पुढे एक टेम्पो आडवा आला, अनितानं ब्रेक मारला, मागे चप्पल हिंदकळली. टीं टीं टीं! मी ऐटीत वर.

अनितानं घाबरून बटण दाबलं. मी खाली आलो. चप्पल अजून झुलतच होती. मी पुन्हा वर. पुन्हा बटण, पुन्हा खाली, पुन्हा वर. मागचा मोटरसायकलवाला हेल्मेट काढून बघत राहिला. शेवटी म्हणाला, "वहिनी, गाडी नमस्कार घालतीय काय?"

कार्ल्याच्या पुढे रविवारची गर्दी लागली. गाड्या मुंगीच्या पावलानं. दर चार हातांवर ब्रेक, दर ब्रेकला मी वर. रश्श्याचा वास सगळ्या रस्त्यावर. एका गाडीतून एका बाईनं विचारलं, "काय हो, प्लेट कशी दिली?"

"ऑर्डरचं हाय!" अनिता ओरडली. तिच्या आवाजात रडू होतं. आरशात मी बघत होतो. डाव्या हातानं ती उजवा खांदा दाबत होती आणि पुटपुटत होती, "आजच का? आजच का रे बाबा?"

मला बोलता आलं असतं तर सांगितलं असतं की बाई, माझा दोष नाही, चप्पल बघ. पण दरवाजाला फक्त टीं टीं येतं.

"कोन रडतंय मागं?" बयाबाईंनी विचारलं.

"कुनी न्हाई. दार वाजतंय."

वलवणच्या फाट्याला चहाच्या टपरीपाशी गाडी थांबली आणि मी उघडलो. आता, मित्रांनो, आमच्या मावळातल्या माणसांचा एक गुण ऐका. कुणाचं काही अडलेलं दिसलं की यांना बसवत नाही. चहा अर्धा टाकून चार गडी धावत आले.

"ताई, तुमी बसा, आमी लावतो!"

"आवो नका, ते आपलंआपन लागतंय..."

अनिताचं ऐकतो कोण? मोटर मला वर नेतेय आणि चौघं मला खाली दाबतायत. एक तर लोंबकळलाच. "जोर लावा! गंजलंय!" दुसऱ्यानं गुडघा लावला. माझ्या नव्या दांड्यांतून असा काही आवाज आला की मलाच माझी कीव आली. आणि मी अर्ध्यात अडकलो. ना वर, ना खाली. बटण दाबलं तरी नुसता कण्हायचो.

चौघं मागे सरकले. "कंपनी फॉल्ट आसंल," म्हणत एक जण चहाकडे गेला.

तेवढ्यात समोरच्या भिंतीवर माकडं येऊन बसली. डिकी अर्धी उघडी, आत वीस माणसांचं जेवण. अनिता गाडीच्या चाकाला टेकून उभी राहिली. "संपलं, आत्याबाई. ह्यांचंच बरोबर निगालं."

बयाबाईंनी पदर खोचला. "काय संपलं? बंगला कुटं दिसतोय तो. तू चालव, मी बसते मागं."

आणि त्या माझ्या खाली, डब्यांच्या मधोमध, पाय बाहेर सोडून बसल्या. बैलगाडीत बसावं तशा. हातात रश्श्याचा लांब डाव. अनितानं गाडी पावलापावलानं हाकली. एका माकडानं पापडाचं पाकीट पळवलं. "पापड ने," बयाबाई त्याला म्हणाल्या, "मासवडीला हात लाव, मग बगते तुजी शेपूट!" तेजल मॅडमच्या बंगल्याचं फाटक उघडलं आणि मखमली गवतावर गप्पा मारत बसलेले पाहुणे बघतच राहिले. गाडी अशी दिमाखाची आणि मागे डाव उगारून बसलेली म्हातारी.

जेवण मात्र पोचलं. गरम पोचलं. डबे आत गेले तसं अनितानं राजेंद्रला फोन लावला आणि आवाज मोठा करून कामशेतपासूनचं सगळं सांगितलं.

"वहिनी, मागं काय लोंबतंय का? फडकं, दोरी, कायबी?"

अनिता वाकून बघणार, तोच बयाबाईंनी पाय आडवे केले. "काय न्हाई लोंबत."

"नीट बगा. सेन्सरम्होरं काय हाललं की दार उगडनारच."

बयाबाईंनी पाय आणखी पसरले. मग त्यांचं लक्ष सुनेच्या हाताकडे गेलं. अजून खांद्यावरच होता तो. त्या हळूच उतरल्या. "चप्पल हाय," म्हणाल्या. "माजी. दिष्ट लागू ने म्हनून बांदली. तुज्यासाटीच गं."

फोनवर राजेंद्रला हसू आवरेना. "मावशी, त्याला वाटलं कामशेतपासनं तुमीच लाथा मारताय!"

"आरं द्येवा!" बयाबाईंनी दोन्ही हातांनी गालात मारून घेतलं. मग थोडा विचार करून विचारलं, "पर आत पाय तर न्हवता ना माजा?"

अनिता हसली. सकाळपासून पहिल्यांदा. तिनं सुतळी सोडली. राजेंद्रनं सांगितलं, "आता बटन दाबून धरा. ते दमानं खाली यील. कुनी म्हंजी कुनी हात लावायचा न्हाई."

पण तोवर बंगल्याचा वॉचमन सरसावला होता. तेजल मॅडमचे यजमान हाताच्या बाह्या वर करत आले. "थांबा, मी देतो एक धक्का!"

"मागं व्हा!"

अनिताचाच आवाज. तिनं कधी कुणाला असं म्हटल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. यजमान जागच्या जागी थिजले. "कुनी हात लावू नका. लावते मी."

तिनं पुढच्या दारातून डावा हात आत घालून बटण धरलं. मी निघालो. थरथरत, कुरकुरत, मध्ये थांबत. मी थांबलो की सगळ्यांचे हात शिवशिवायचे आणि अनिता नुसती बघायची त्यांच्याकडे. मीही दात-ओठ खाऊन उतरत राहिलो. आणि शेवटी, टक्. असा सुरेख बंद झालो की पुण्यातल्या त्या कुत्र्यानंही शेपटी हलवली असती.

आतून तेजल मॅडम वाटी हातात घेऊनच आल्या. नाक लाल, डोळ्यांत पाणी. "अनिताताई, रस्सा जाळतोय हो अगदी. पुढच्या रविवारी पण एवढाच तिखट करा."

संध्याकाळी आदिनाथनं सगळं ऐकलं. पापडाचंही. माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "म्हंजी लावलंस तूच?"

"मीच."

"मग झालं तर," तो म्हणाला. "पर खांद्याच्या डॉक्टरकडं परवा जायचं. तेबी कबूल कर." तिनं केलं.

पुढच्या रविवारी डबे भरून झाले तेव्हा अनिता म्हणाली, "आत्याबाई, आज एकटी जाते." बयाबाईंनी चप्पल आधीच गाडीच्या पुढच्या बाजूला बांधून टाकली होती, त्यामुळे त्यांना दुसरं काम नव्हतं. मी उतरायला लागलो. त्या माझ्यापुढेच उभ्या होत्या. मी मध्येच जरा अडखळलो तसा त्यांचा हात पुढे आलाच. मग त्यांनी तो मागे घेतला, दुसऱ्या हातानं मनगटात घट्ट धरला, आणि मी टक् होईपर्यंत पाठीमागे तसाच धरून ठेवला. एवढा जोर तर त्या चौघांनीही मला लावला नव्हता.

मित्रांनो, कुठे माझ्यासारखा दरवाजा दिसला तर त्याला ढकलू नका. तो अडलेला नसतो, हळू असतो. माणसांचंही तसंच असतं म्हणतात, पण ते मला काय माहीत, मी दरवाजा. तुम्ही फक्त शेजारी उभे राहा आणि हात मागे ठेवा. जड जाईल. बयाबाईंना जमलं, तुम्हालाही जमेल.