पाकिटातली राणी

भैय्याजीच्या गोळीच्या पाकिटात ज्या साली पत्ते निघाले, ते साल मी मरेपर्यंत विसरणार नाही. लोक म्हणतात, अंजनाबाई, तुमच्या कारखान्याचं ते सोन्याचं साल होतं. हो बाप्पा, मालक होता भैय्याजी, त्याच्यासाठी असंन सोन्याचं! आम्ही दोघी बायांनी ते साल जीव मुठीत धरून काढलं, अन् तेही पुठ्ठ्याच्या एका तुकड्यापायी.

कारखाना कसला, नागपुरात सक्करदऱ्याच्या तळ्याच्या अलीकडे टिनाचं एक लांबच लांब शेड होतं. एका टोकाले साखरेच्या पाकाची कढई, दुसऱ्या टोकाले आम्ही बाया, गोळ्या कागदात गुंडाळून पाकिटं भरणाऱ्या. सगळ्या बायाइच्या डोक्यावर मी. माह्या जिभेले धार आहे हे मले माहीत आहे, कोणी सांगायची गरज नाही. त्या धारेवरच शेड चालत होतं.

गोपिका आमच्यात आली ते उमरेडहून. कोष्ट्याच्या घरची पोरगी, हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके, अन् उजव्या हाताची कातडी मनगटापर्यंत भाजून आकसलेली. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "हाताले काय झालं वं?" तर म्हणे, "रंगात पडला." खरं सांगायले तिले बरेच दिवस लागले. नवरा तिचा, शालिकराम, सूत रंगवायचं काम करे. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून त्यानं तिचा हात धरून उकळत्या रंगात बुडवला होता. ती पळाली तेव्हा तिच्या मायच्या दारात उभा राहून सांगून गेला, "जिथं दिसन तिथून ओढत आणीन. अन् या वक्ती हात नाही, मुंडकं बुडवीन."

तो बोलल्यासारखं करणारा माणूस होता. म्हणून मी तिले माह्याच खोलीत ठेवून घेतलं. येताना तिनं मातामायचा टाक आणला होता, तो तिनं माह्या बुद्धाच्या तसबिरीखाली ठेवला. देवाइचं आपसात जमते, माणसाइचंच जमत नाही. शेडमधी ती भिंतीले पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसे. दारात साधा सायकलवाला थांबला तरी तिच्या हातातली गोळी खाली पडे.

त्या दिवाळीच्या आधी भैय्याजीच्या डोक्यात पत्त्याचं खूळ शिरलं. प्रत्येक पाकिटात एक पत्ता. कुठं राजा, कुठं सेनापती, कुठं वाघ, कुठं गारुडी, अन् चित्राखाली बळाचा आकडा. दोन पोट्टे समोरासमोर बसले की एकेक पत्ता टाकायचा, ज्याचं बळ जास्त त्यानं दोन्ही उचलायचे. सगळ्याइले हरवणारी एकच, राणी. जो पोट्टा पूर्ण संच जमवून आणील त्याले सायकल.

चित्रं काढायले विश्वनाथ आला. टॉकीजचे बोर्ड रंगवणारा माणूस. शेडच्या कोपऱ्यात बसून आमचे चेहरे पाही अन् कागदावर काहीबाही रेघोट्या मारे. आम्हाले वाटलं, बसला असंन बिचारा सावलीले.

छापून आलेले गठ्ठे आम्ही सोडले तेव्हा शेडमधी हसून हसून बायाइची पुरेवाट झाली. कढईवाला धोंडबा राजा झाला होता. भैय्याजीचा साळा राक्षस. अन् मले त्या मेल्यानं चेटकीण केलं होतं! बळ बरंच दिलं होतं, ते सोडा. मी विश्वनाथले शिव्या देत पुढचा गठ्ठा सोडला अन् माही जीभ जागीच थांबली.

राणीचा पत्ता होता तो. डोक्यावर मुकुट, गळ्यात मोत्याच्या माळा. पण तोंड गोपिकाचं. ते डोळे, तो किंचित वाकडा ओठ, हनुवटीवरचे तीन ठिपकेसुद्धा. त्या मुडद्यानं एक ठिपका सोडला नव्हता.

गोपिकानं पत्ता हातात घेतला. "आत्या," ती मले म्हणे, "या गोळ्या उमरेडले जातात न?"

जात होत्या ना. उमरेड, भिवापूर, भंडाऱ्यापर्यंत जात होत्या.

मी तशीच भैय्याजीकडे गेली. "ही राणी बदला. बाईले न विचारता तिचं तोंड छापता म्हणजे काय?" तो आपला पान चघळत हसे. "अहो अंजनाबाई, राणीच केली न तिले, मोलकरीण थोडीच केली! आता सगळं छापून झालं." मग आवाज खाली आणून म्हणे, "राणीचा गठ्ठा तुमीच सांभाळा. अख्ख्या पेटीत एकच टाकायची, जास्त नाही. नाहीतर सायकली वाटता वाटता मले शेड विकावं लागन."

खरं कारण मी त्याले सांगतलं नाही. भैय्याजी वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. संध्याकाळच्या आत पानठेल्यावर गोष्ट गेली असती.

गठ्ठा घेऊन मी घरी आली. गोपिका म्हणे, "आत्या, एकही टाकू नका. हात जोडते." मी म्हटलं, "नाही टाकत. चुलीत घालू सगळा." तिनं चुलीपाशी नेला अन् तशीच बसून राहिली. मग म्हणे, "स्वतःचं तोंड चुलीत कसं घालू वं माय?" शेवटी बिस्किटाच्या जुन्या डब्यात तो गठ्ठा भरला अन् मातामायच्या टाकामागं ठेवून दिला. वाटलं, सुटलो.

कायचे सुटतो! नागपुरात त्या पत्त्यानं पोट्ट्याइले येडं करून सोडलं. शाळेच्या ओट्यावर, नळाच्या रांगेत, मयतीच्या घरासमोरसुद्धा पोट्टे पत्ते मांडून बसलेले. धरमपेठेतल्या बंगल्यातले पोट्टे नोकराइले आमच्या शेडवर पाठवत, अन् सगळ्याइची एकच बोंब, राणी नाही! सगळे पत्ते आहेत, राणी कोणाजवळच नाही. दुकानदार भैय्याजीले कोसायले लागले की कंपनी चोर आहे. भैय्याजीनं मले विचारलं, "राणी टाकता न तुमी?" मी म्हटलं, "टाकते ना. तुमचं मीठ खाते मी." अशी डोळ्यात डोळे घालून खोटं बोलली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलीन.

त्यानं माह्यावर विश्वास ठेवला, अन् तिथंच घात झाला. त्याले वाटलं, लोक नीट शोधत नाहीत. त्यानं राणीचं भलंमोठं पोस्टर छापलं. घागरीएवढं तोंड गोपिकाचं, अन् खाली ठसठशीत अक्षरात, 'राणी कुठे आहे? शोधा आणि सायकल मिळवा.' त्याखाली आमच्या शेडचं ठिकाण. प्रत्येक पेटीसंग दुकानदाराले एक पोस्टर. ते गुंडाळायचं कामही आम्हालेच.

गोपिका पोस्टर गुंडाळे अन् तिच्या कपाळावरून घामाच्या धारा. स्वतःच्या हातानं स्वतःचा पत्ता पाठवून राहिली होती बिचारी. मले इतका राग आला, इतका राग आला की वाटलं भैय्याजीच्या डोक्यावर पाकाची कढई ओतावी. पण राग कोणावर काढू? त्याले काहीच माहीत नव्हतं. आम्ही राणी लपवली म्हणून तर राणी भिंतीवर चढली.

त्यानंतर तिनं उजेडात चालणं सोडलं. शेडले जायचं तर पदर नाकापर्यंत, अन् मी शेजारी. पानठेल्यावर तिचं तोंड, न्हाव्याच्या दुकानात तिचं तोंड, एस. टी. स्टँडच्या खांबावर तिचं तोंड. ती जेवण करे तर घास तोंडाशी थांबे. रस्त्यावर कोणी खोकललं तरी ती चुलीमागं जाऊन उभी राही. मी तिले रागे भरे, "अवं, काही होत नाही, जेव!" अन् मीच दाराले दोनदा कडी तपासून पाहे. खोटं काहून बोलू, मलेही भेव वाटे. म्हातारपणी असं भेव वाटणं मोठं लाजिरवाणं असते.

मग एका बुधवारी सकाळी पानठेलेवाला मारोतराव मले बोलावून म्हणे, "अंजनाबाई, काल एक माणूस आला होता. त्या पोस्टरचा तुकडा फाडून खिशात ठेवला होता त्यानं. मले विचारे, ही बाई कुठं काम करते. मी म्हटलं, बाप्पा, ते चित्र आहे, बाई नाही. तर हसला."

"कसा दिसे?"

"अंगानं धिप्पाड. अन् नखं निळी. बोटात नीळ मुरल्यासारखी."

सूत रंगवणाऱ्याचीच नखं ती. घरी येऊन मी गोपिकाले एवढंच म्हटलं, "कपडे बांध. वर्ध्याले तुही मावशी आहे न, तिच्याकडे जा. आत्ताच्या आत्ता." तिनं मातामायचा टाक पदरात बांधला. लुगडं काढायले फळीवर हात घातला अन् डबा पाहून म्हणे, "हे?" मी म्हटलं, "राहू दे."

रिक्षा बाजाराच्या पलीकडे मिळत होत्या. त्या दिवशी बुधवारचा बाजार भरलेला, दिवसाढवळ्या माणूसच माणूस. मले वाटलं, गर्दीत बरं, गर्दीत कोण पाहते. कांद्याच्या ढिगापाशी आलो अन् माह्या शेजारून गोपिका एकदम मागं ओढल्या गेली.

शालिकरामनं तिची वेणी धरली होती. वेणी हाताले गुंडाळून, बैल ओढावा तसा तिले उमरेडच्या रस्त्याकडे ओढून राहिला होता. मी त्याच्या हाताले लोंबकळली. त्यानं मले एका कोपरानं कांद्यात पाडलं.

मी पडल्या पडल्या बोंबलली, "अरे धरा रे याले! पोरीले मारून टाकीन हा!" लोक थांबले. पाहायले लागले. शालिकराम अगदी शांतपणे म्हणे, "माही लग्नाची बायको हाय. घरचा मामला हाय, मधात कोणी येऊ नका." एवढं ऐकून धडधाकट माणसं, वजनकाटे हातात घेऊन बसलेली, दोन पावलं मागं सरकली! एक बाई तर म्हणे, "नवरा-बायकोचं आहे, आपल्याले काय करायचं." मी ते तोंड अजून विसरली नाही. त्याच गर्दीवर भरोसा ठेवून मी तिले तिथून नेऊन राहिली होती.

गोपिका ओरडत नव्हती. भेवानं तिचा आवाजच बसला होता. रस्त्याले बस उभी होती, अन् तो तिले बसकडे नेत होता. हापशीजवळ पोट्टे गोल करून पत्ते खेळत होते. त्याइच्याजवळून जाताना तिनं मोकळ्या हातानं, त्या भाजक्या हातानं, तोंडावरचा पदर ओढून काढला.

"पोट्टेहो!" ती अशी काही ओरडली की बाजार चूप झाला. "राणी पाहिजे न तुमाले? पाहा! मी आहे राणी! पाहा नीट, मी आहे!"

पोट्ट्याइनं वर पाहिलं. एकानं तिच्याकडे पाहिलं, दुकानावरच्या पोस्टरकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. मग किंचाळला, "ठिपके! तीन ठिपके बे! राणी सापडली!"

मायबाई, काय सांगू! कुठून कुठून पोट्टे आले. भाजीच्या दुकानाखालून, बैलगाडीमागून, शिकवणी सोडून. कोणी तिचा पदर धरला, कोणी हात, कोणी पायाले मिठी मारली. "माही आहे! मी पहिले पाहिली!" "सोड बे, सायकल माही!" त्याइले तिची दया आली होती असं नका समजू. त्याइले सायकल पाहिजे होती. पण एकदा धरलेली राणी ते सोडत नव्हते, अन् शालिकराम एकटा एका वेणीले किती ओढणार?

त्याचं डोकं फिरलं. त्यानं जवळच्या एका पोट्ट्याच्या कानाखाली फाडकन वाजवली. लहानसा होता, हापशीच्या ओट्यावर जाऊन आपटला अन् त्याच्या नाकातून रक्त आलं.

मग बाजार उठला! आत्तापर्यंत वजनकाटे घेऊन बसलेली तीच माणसं. तीच बाई सगळ्यात पुढं, चप्पल हातात घेऊन, "माह्या लेकरावर हात टाकतो का रे मुडद्या!" शालिकराम आता कोणालेही सांगू शकत नव्हता की घरचा मामला आहे. पोलिसचौकीपर्यंत त्याले लोकाइनं तुडवत नेलं. मी कांद्यातून उठली, गोपिकाजवळ गेली. ती पोट्ट्याइच्या गराड्यात बसली होती. मी तिले पोटाशी धरलं अन् रडली. मले आनंद झाला होता, अन् त्या बाजाराचा इतका संतापही आला होता की थुंकावंसं वाटे. बाईसाठी कोणी उठलं नाही. पण उठले, हेही खरं.

ती वर्ध्याले गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर टाक पुन्हा जागेवर अन् त्यामागचा डबा उघडा. गोपिका तो गठ्ठा मांडीवर घेऊन बसलेली.

"काय करून राहिली वं?"

"शेडमधी नेते," ती म्हणे. "सगळ्या टाकते, आत्या. उमरेडच्या पेटीत जास्त टाकते."

"भैय्याजीले किती सायकली द्याव्या लागतील, माहीत आहे का?"

"देऊ द्या." ती पत्ते सारखे करत म्हणे, "आत्या, तो सुटून येईनच. तो येईन तेव्हा गावोगावचे पोट्टे मले ओळखत असले पाहिजेत."

शेडमधी ती भिंतीले पाठ लावून, दाराकडे तोंड करूनच बसली. दारात कोणी थांबलं की हातातली गोळी तशीच खाली पडे. पण त्याच हातानं तिनं दिवसभर पाकिटात राण्या भरल्या, अन् पदर काही तोंडावर घेतला नाही.