सूज गेली, वीट राहिली

मी एक वीट बोलतेय. घाबरू नका, कुणाच्या डोक्यात पडायला आलेले नाही. तसा आळ माझ्यावर एकदा आला होता, तो पुढे सांगते.

जन्म कल्याणकडच्या भट्टीतला. डिलाईल रोडच्या एका चाळीत जिना दुरुस्तीला विटा आणल्या, त्यातली मी उरले. राधाबाईंनी मला उचलून मोरीत घागरीखाली सरकवलं. घागर डुगडुगायची थांबली. कौतुक कुणी केलं नाही.

मग त्यांच्या सुनेला, सुभद्राला, संधिवाताने धरलं. गुडघे, मनगटं टम्म सुजायची. डॉक्टर म्हणाले, औषधाबरोबर शेक द्या. राधाबाईंनी मला घासून धुतलं, शेगडीवर तापवलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलं. सुनेचं करताना त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही, हे सांगायलाच हवं. प्रभादेवीला नवसही बोलल्या, सून उठली की ओटी भरीन आणि चाळभर पेढे वाटीन.

दोन वर्षांनी सूज उतरली. डॉक्टर म्हणाले, आजार गेला. ओटी भरली, पेढे वाटले, आणि मी परत घागरीखाली गेले.

आता माणसांची रीत बघा. पेढे वाटून झाले की त्या दुखण्याने पुन्हा यायचं नसतं. ते आलं. सुभद्राच्या मांड्या भरून यायच्या, खांदे आखडायचे. काही दिवस बरे जायचे, मग एके सकाळी हात वर होत नसे.

"सूज खंय दिसता?" राधाबाईंनी विचारलं.

"सूज नाही, आई. आतून ओढल्यासारखं दुखतं."

"चाळभर पेढे वाटले गो. आता देवीक काय सांगू?"

मग सासू बाहेर गेली की सुभद्रा घागर बाजूला सारून मला तापवायची. "तुला तरी खरं वाटतं ना?" म्हणायची. मी वीट. मला सगळंच खरं वाटतं.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. चाळीतल्या बायका मोर्चाला निघाल्या, सुभद्राही गेली. त्या दिवशी ती खरंच ठणठणीत होती. दुसऱ्या दिवशी कूस बदलवेना.

"काल झेंडा घेऊन पुढे होती," शेजारच्या शेवंतीबाई दारातून म्हणाल्या. "आज पाणी भरायचं म्हटल्यावर दुखतं होय?"

राधाबाईंनी सुनेची बाजू घेतली नाही, घागर उचलून पाण्याला गेल्या. मला त्याचं फार वाईट वाटलं. त्या गेल्यावर सुभद्राने कशीबशी सरपटत शेगडीपाशी येऊन मला तापवलं.

त्याच दुपारी नाक्यावर दगडफेक झाली आणि पोलीस चाळीत दगडविटा शोधत आले. हवालदाराने सुभद्राची गोधडी उचलली. खाली लुगड्यात मी.

"ही कुणावर टाकणार होतीस? चल चौकीवर."

सुभद्राला उभंही राहवेना. गॅलरीत सगळी चाळ जमली होती. राधाबाईंनी सुनेकडे पाहिलं.

"ती शेकायची वीट आहे," त्या म्हणाल्या. "माझी सून आजारी आहे."

"आजारी?" शेवंतीबाई म्हणाल्या. "पेढे खाल्ले की आम्ही."

"ते सुजेचे होते. दुखण्याचे द्यायचे आसत."

हवालदाराने माझ्यावर तळहात ठेवला. मी कोमट होते. तेवढं पुरलं, तो गेला. राधाबाईंनी मला उचललं, "गार झाली ही," म्हणाल्या आणि शेगडी फुंकायला बसल्या. सुभद्रा तेव्हा रडली.

राज्य मिळालं त्या दिवशी चाळीत पेढे वाटले. सुभद्राचा खांदा नेमका धरलेला. राधाबाईंनी तिला पेढा भरवला, "हे राज्याचे," म्हणाल्या आणि मला शेगडीवर ठेवलं.

आता मी कडेने झिजलेय, काळी पडलेय. दुखण्याचे पेढे अजून वाटायचेच आहेत. तुमच्या घरी कुणी सूज नसताना दुखतंय म्हणालं, तर आधी वीट तापवा. काय विचारायचं ते शेकताना विचारा.