पंपाची दुपार

"दुपारची लायट बरी आसता, आनी तेन्नाच तुजो पंप न्हिदता रे मधुकरा," गंगाकाकी मला म्हणाली. "सांजेक व्होल्टेज ना. वयल्यो माडयो पळय."

सर्वणच्या तिच्या कुळागरात वरच्या बाजूच्या माडयो, म्हणजे पोफळी, पिवळ्या पडल्या होत्या. हर्षाने ते लिहून घेतलं आणि विचारलं, "काकी, पंप दुपारी बंद ठेवायला तुम्ही सांगितलं होतं का?"

"हांव कित्याक सांगतलें? आमकां दिसलें, मशीनूय गोंयचें. जेवून मात्शें आड पडटा आसतलें."

हर्षा हसली. मला हसू आलं नाही.

आमची साखळीची कंपनी पंप आपोआप चालू-बंद करणाऱ्या पेट्या बनवते. प्रत्येक गिऱ्हाईक वेगळं काही मागतं, म्हणून प्रत्येकाचा प्रोग्रॅम वेगळा. एकात दुरुस्ती केली की ती बाकीच्यांतही करत बसावी लागते. शेवटी मालक गुरुदासबाबांनी विद्यापीठाची मदत घेतली. सगळ्यांचा मिळून एकच प्रोग्रॅम करायचा आणि ज्याला जे हवं ते त्यातून निवडून द्यायचं, हे हर्षाचं संशोधन. त्यासाठी कोणती मागणी खरी आणि कोणती उगाच आलेली, हे आधी ठरवायचं होतं. पेट्या मी बसवलेल्या, म्हणून मी तिच्याबरोबर फिरत होतो.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "काका, दुपारची ही विश्रांती जवळजवळ सगळ्यांच्या प्रोग्रॅममध्ये आहे. एवढ्या लोकांना हवी आहे, तर मूळ प्रोग्रॅममध्येच घालणार होते मी. गंगाकाकींनी घोळ केला."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. ती विश्रांती कुठून आली ते मला आत्ताच कळलं होतं.

माझी बायको विनोदिनी आजारी होती तेव्हा तिला रात्री झोप नसायची. दुपारी जरा डोळा लागायचा. हळर्णच्या आमच्या घराचा पंप तिच्या खोलीच्या भिंतीलाच लागून. मी कामावर, आणि उठून बटण दाबण्याची ताकद तिच्यात नव्हती. म्हणून कंपनीतल्या योगेशला सांगून आमच्या पेटीत ती विश्रांती घालून घेतली. प्रोग्रॅम तोच लिहायचा. पुढच्या गिऱ्हाइकाला देताना त्याने आमच्याच प्रोग्रॅमची नक्कल केली, त्यावरून पुढची. मग तो बेंगळुरूला गेला. विनोदिनी झोपायची तेव्हा सर्वणपासून साखळीपर्यंत पंप गप्प असायचे. ती गेली, तरी ते गप्पच राहिले होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बैठक झाली.

"लोकांक जाय तर आसूं दी," गुरुदासबाब म्हणाले. "एक म्हातारी सांगता म्हणून सगळें बदलप? मधुकर, तुका कितें दिसता?"

'असू दे' म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. प्रत्येक नव्या पेटीत ती दुपार गेली असती. मलाही तेच हवं होतं. पण त्या पिवळ्या पोफळी मी पाहून आलो होतो.

"लोकांक नाका ती," मी म्हणालो. "ती म्हज्या घरची. विनोदिनीक न्हीद पडची म्हणून योगेशान घाल्ली. तोच प्रोग्रॅम सगळ्यांक गेलो."

गुरुदासबाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आदीं कित्याक सांगलें ना रे?"

"म्हाकाय कालच कळ्ळें."

मग हर्षा हळूच म्हणाली, "काका, फक्त तुमच्या पेटीत ठेवता येईल. नव्या प्रोग्रॅममध्ये तीच तर सोय आहे. ज्याला हवं, त्याला."

"नाका बाय," मी म्हणालो. "थंय आतां कोण न्हिदना."

नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा गंगाकाकीच्या पेटीत घातला. दुपारी तिच्या वरच्या पाटात पाणी चढलं, तेव्हा मी तिथेच होतो. "आयज जागो मरे तुजो पंप!" ती ओरडली. मग बाकीच्यांकडे गेलो. माझ्या पेटीत शेवटी घातला.

रविवारी मी घरी असलो की बंद पडलेला पंप पुन्हा सुरू झाल्याच्या आवाजाने विनोदिनी उठायची, आणि मी चहाचं आधण ठेवायचो. ती गेल्यावरही त्याच आवाजावर ठेवत होतो. आता पंप मध्ये थांबतच नाही. पहिल्या रविवारी मी स्वयंपाकघरात बसून राहिलो. शेजारचा बाबली रस्त्यावरून ओरडला, "मधुकर, दिवो कित्या लावंक ना रे?" तेव्हा कळलं, काळोख झाला होता.