शेक चालू असेपर्यंत

दगाने चहाचा कप खाली ठेवला आणि नेहमीसारखा हात पुढे केला. शोभाबाईने तळहातावर काही ठेवले नाही. कप उचलून ती मोरीकडे वळली.

रोज सकाळी त्या हातावर एक केशरी कॅप्सूल पडायची. ती आणली होती त्यांच्या मुलीने, वर्षाने. वर्षा कॉलेजात विज्ञान शिकत होती. बापाच्या फुप्फुसात गाठ निघाली तेव्हा तिने कुठेतरी वाचून सांगितले होते, की लोखंडाला गंज चढतो तशी शरीरातल्या पेशींचीही आतून झीज होते. ही कॅप्सूल ती झीज थांबवते. दगाची हयात गाव सोडून लिंबायतच्या कामगार वस्तीत पावरलूमचे माग चालवण्यात गेली होती. गंज त्याला चटकन कळला. बाकीची औषधे तो कुरकुरत घ्यायचा, ही मात्र मागून घ्यायचा.

आदल्या दिवशी दवाखान्यात त्याला किरणांचा शेक द्यायला आत नेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी शोभाबाईला विचारले, घरी आणखी काय देता? कॅप्सूलचे ऐकून त्या लिहिता लिहिता थांबल्या. शेकाने पेशींच्या आत जाळ होतो आणि गाठ मरते ती त्या जाळानेच, असे त्यांनी समजावले. ही कॅप्सूल तो जाळ विझवते. चांगल्या पेशी वाचतील, तशी कदाचित गाठही वाचेल. खात्रीने कोणीच सांगू शकत नाही. पण शेक चालू आहे तोवर नको.

शोभाबाई मोरीपासून परतली तरी दगाचा हात तसाच होता.

"माले सोडी दिधं का?" त्याने विचारले. आवाजात राग नव्हता. घरच्यांनी आपली आशा सोडली, एवढेच त्याला वाटले होते.

ती त्याच्याजवळ बसली.

"शेक चालू शे ना. ती कॅप्सूल गाठले बी जपस."

दगाने मूठ मिटली. मग जरासा हसला. म्हणजे इतके दिवस आपणच गाठीला पोसत होतो, असे काहीसे तो बोलला. दारात पुस्तके घेऊन उभ्या असलेल्या वर्षाने मान खाली घातली. त्या दिवशी ती कॉलेजला गेली नाही. दुपारी शेकाला निघताना दगाने रिक्षात तिलाच शेजारी बसवून घेतले.

शेक चालू राहिला. छातीवरची कातडी काळवंडली, घास उतरेनासा झाला. दिवाळी झाल्यावर एका दुपारी डॉक्टरीणबाईंनी मायलेकींना बाहेर बोलावले. आता शेक पुरे, त्या म्हणाल्या; घरी न्या, त्यांना आवडेल ते द्या. शोभाबाईने चाचरत कॅप्सूलचे विचारले.

बाईंनी हातातली फाइल मिटली.

"द्या," त्या म्हणाल्या. "आता हरकत नाही."

दवाखान्यातले मशीन बिघडले आहे, असे मायलेकींनी दगाला सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या मागांची खडखड सुरू झाली होती. शोभाबाईने चहा दिला. त्याला तेवढेच बरे वाटेल, म्हणून तिने त्याचा हात उघडून कॅप्सूल ठेवली.

दगाने आधी कॅप्सूलकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"आते चालस का?"

"हां."

ती पदराने मांडणीवरचा कप पुसू लागली. कप कोरडाच होता.

दगाने कॅप्सूल तोंडात टाकली आणि तो सावकाश, घोट घोट पाणी प्यायला. मग त्याने वर्षाला हाक मारली. धुळ्याकडे, गावी राहिलेल्या आपल्या भावाला निरोप द्यायला सांगितले.

"भिकनकाकाले बलाई ले."

वर्षाने का म्हणून विचारले नाही. पायात चपला सरकवून ती कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथकडे निघाली.