मयतीले जागा भेटते

लोखंडाचं ते झाड, गॅस काढायचा फलाट, काकीनाड्याच्या समुद्रात रोवलं, तेव्हा हर्षदीप बावीस वर्षांचा होता. त्याच्या देखत समुद्राखालच्या विहिरींतून पहिला गॅस वर आला, उंच नळीच्या टोकावर ज्योत पेटली. त्याच्या देखतच ती बारीक बारीक होत विझली. आता विहिरींच्या नरड्यात सिमेंट ओतणं चाललं होतं. मग पाय कापायचे, सांगाडा ओढत भंगारात न्यायचा.

सिमेंट ओतल्यावर विहिरीवर दाब देऊन पाहायचा. तीनदा काटा जागचा हलला नाही, तरच कागदावर लिहायचं, विहीर मेली. ते लिहिणं हर्षदीपकडे होतं.

अशात तामसीहून बहिणीचा, मैत्रीचा फोन आला. "दादा, माय तुलेच इचारून राह्यली. डाक्टरनं हात टेकले. लवकर ये."

तो साहेबाकडे धावला. साहेब रविकांत तामसीच्या शेजारच्याच गावचा, म्हणजे घरचाच माणूस.

"हेलिकॉप्टरात एकच जागा हाय, हर्षा. आजारपनाले नाही भेटत. मयतीले भेटते."

"चार दिवसांत तिची मयतच होईन, साहेब."

"मंग चार दिवसांनी ये." रविकांत चहा ढवळत हसला. "मेल्याबिगर मेलं लिहाचं नाही, हे तुले म्या सांगावं काय?"

दुसऱ्या सकाळी हर्षदीपनं रजेचा अर्ज दिला. आईचं नाव सखूबाई, मृत्यू पहाटे पाच वाजता. अक्षर त्याचंच, वळणदार.

हेलिकॉप्टर, रेल्वे, बस. दीड दिवसानं तो घरी पोचला. दारात मैत्री उभी होती. तिनं पिशवी हातात घेतली नाही.

"काल पंचायतीतला भिवाजी आलता. तुह्या साहेबानं फोनवर मयतीचा दाखला मागतला. भिवाजी अंगणातूनच इचारते, सखूबाई गेल्या काय?"

"मायनं आयकलं?"

"तिनंच जवाब देल्ला. म्हणे, मीच सखूबाई, कोनं सांगतलं तुमाले? भिवाजीनं साहेबानं मोबाईलवर धाडलेला तुहा अर्ज वाचून दाखवला. तारीख, टाइम, समदं."

हर्षदीप चप्पल न काढता आत गेला. बाजेवरच्या सखूबाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. आवाज सुताएवढा उरला होता.

"मैत्री, त्याले म्हण, मयतीले आला नं? मंग मयत होऊ दे. तवर बाहेर बस."

"माय, तुले जितं पाहाचं होतं म्हनून..."

"तुही माय पाचलेच गेली, बापा."

तो अंगणात बसला. आतून कण्हणं यायचं, पाणी मागणं यायचं, कधी जात्यावरच्या ओवीची अर्धी ओळ. ओवीत मैत्रीचंच नाव असायचं. त्यानं दोनदा उंबऱ्यावर पाय ठेवला. दोनदा आतलं कण्हणं थांबलं, तो मागे सरला तेव्हाच पुन्हा सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मैत्रीनं दार पूर्ण उघडलं.

"ये आता," ती म्हणाली.